दिलेलं पानदान

लखनौचा हिवाळा माणसाला धड जागं राहू देत नाही, धड झोपू देत नाही. सकाळी खिडकी उघडावी तर समोरचं घर नाहीसं झालेलं असतं. गल्ली नाही, विजेचे खांब नाहीत, फक्त कुठूनतरी "मटर ले लो, ताज़ी मटर" असा आवाज सरकत सरकत येतो आणि तसाच विरून जातो. त्या आवाजामागे माणूस आणि हातगाडी आहे हे आपण आपलं मानून चालायचं. अकराच्या सुमाराला कधी ऊन येतं, कधी येत नाही. आलं की सगळा मोहल्ला गच्चीवर जातो, पेरूला मीठ लावून खातो, आणि इतक्या हळू बोलतो की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड यावी. माझी इथे निम्मी हयात गेली. एका संशोधन संस्थेत वनस्पतींचा अभ्यास करते, दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसते. तरीही डिसेंबर लागला की आपण खरोखर या गावात राहतो का, अशी मला दरवर्षी शंका येते.

अशा त्या धुक्यात अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. कराडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. जन्मभर त्यांनी खिडकीत बसून गाड्या लावल्या, कंडक्टरांना झापलं आणि आख्ख्या स्टँडाला ऐकू जाईल अशा आवाजात गावांची नावं पुकारली. आई गेल्यावर एकटेच राहायचे. मी लाखदा म्हटलं, इकडे या. ते म्हणायचे, "बघू." अण्णांचं "बघू" म्हणजे नाही, हे आमच्या घरात मांजरालाही ठाऊक होतं. मग एकदा ते बाथरूममध्ये पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच ओल्या फरशीवर पडून राहिले. हाड मोडलं नाही हे नशीब. आणि हे मला सांगितलं कुणी? दूधवाल्याने. अण्णांनी चकार शब्द काढला नव्हता.

मी मिळेल त्या विमानाने गेले आणि कडाकडा भांडले. शेवटी तह झाला. हिवाळाभर लखनौला यायचं. करमलं तर कायमचं राहायचं. नाही करमलं तर मी तोंडातून ब्र काढायचा नाही, निमूट परतीचं तिकीट काढून द्यायचं. अमौसीच्या विमानतळाबाहेर आले तेव्हा ते धुक्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, पण गाव कुठंय?"

मला ते राहायला हवे होते. त्या ओल्या फरशीवर ते पुन्हा एकटे पडलेले मला नको होते. माझं सगळं मागणं एवढंच होतं आणि त्यासाठी मी काही म्हणून बाकी ठेवलं नाही. खोलीत हीटर, अंगावर नवी रजई, बाथरूममध्ये धरायला दांडे, टीव्हीवर मराठी वाहिन्या, हज़रतगंजातला नामांकित डॉक्टर. माझा नवरा बँकेतला, त्याची तेव्हा गोरखपूरला बदली झालेली, म्हणजे घरात दिवसभर अण्णा एकटे. म्हणून स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंना मी बजावून ठेवलं होतं की त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू द्यायचा नाही. अण्णा रजईत बसून असायचे. संध्याकाळी मी विचारायची, "कसं काय?" ते म्हणायचे, "बरंय की. मला काय धाड भरलीय?" आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. त्या घड्याळावर त्यांची एकही गाडी सुटायची नव्हती.

मग त्यांना वकीलसाहेब भेटले.

वकीलसाहेब आमच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर राहतात. केव्हाच निवृत्त झालेले. पांढरीशुभ्र दाढी, मफलर, आणि बोलणं असं की ते आपल्याला रस्ता विचारतायत की आपली तारीफ करतायत हे पटकन कळू नये. एका दुपारी ऊन पडलं म्हणून अण्णा गल्लीत खुर्ची टाकून बसले होते. वकीलसाहेबांनी वरून पाहिलं, खाली येऊन आदाब केला आणि म्हणाले, "ग़रीबख़ाने पर तशरीफ़ लाइए, भाईसाहब." अण्णा लगेच उठले आणि गेले. इथल्या रीतीने आधी दोनदा नाही म्हणायचं असतं, पण अण्णांना कोण सांगणार?

त्या दिवसापासून अण्णा रोज दुपारी समोर जायला लागले. संध्याकाळी मी घरी आले की सांगायचे. वकीलसाहेबांनी कुठला खटला कसा लढवला. त्यांची बायको, म्हणजे चाची, गुडघ्यांमुळे जिना उतरतच नाही, पडद्याआडच्या खोलीतून पान लावून पाठवते, आणि ते पान काय पान आहे म्हणून सांगू! अण्णांचं हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. "हम उनको बोल्या, आप का वकिली सोडो, हमारा स्टँड पे आके देखो." आणि वकीलसाहेब ते मान डोलावत ऐकायचे म्हणे. मला हसू यायचं आणि आतून इतकं बरं वाटायचं की काय सांगू. एका रात्री जेवताना अण्णा आपण होऊन म्हणाले, "माणसं बरी आहेत इथली." मी भाजी वाढत राहिले. अशा वेळी बोलायला गेलं की ते मागे सरतात.

आणि मग ती दुपार आली. रविवार होता. मी अंगणात केस वाळवत बसले होते. फाटक उघडून अण्णा आत आले ते बगलेत काहीतरी मोठं धरून. चेहरा असा, जसा पहिल्या नंबराने पास झालेल्या पोराचा असतो.

"हे बघ," म्हणाले, आणि माझ्यासमोर ठेवलं.

पानदान होतं. पितळेचं, घुमटाच्या झाकणाचं, अंगावर वेलबुट्टी कोरलेली. कडा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. झाकण उघडल्यावर कात, ओला चुना आणि वेलदोडा यांचा मिळून एक थंडगार वास आला. आत लहान लहान वाट्या, त्यांत इवलेसे चमचे, आणि वरच्या ताटलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. पानंसुद्धा तशीच होती. कुणाच्या तरी हातून अर्धं काम टाकून उचलून आणलेली वस्तू ओळखू येते.

"कुणी दिलं?"

"वकीलसाहेबांनी. मी म्हटलं, काय झकास डबा आहे हो तुमचा. तर म्हणाले, आप ही का है, नज़र करता हूँ. मी म्हटलं, खरंच? तर म्हणाले, आपका हो चुका. मग घेतलं."

लखनौत कुणाच्या वस्तूची तारीफ केली की ती "आप ही की है" होते. हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, ऑफिसातल्या एका बाईंच्या शालीला छान म्हटलं आणि त्यांनी ती काढून माझ्या खांद्यावर ठेवली तेव्हा. मी लाजेने मेले होते. अशा वेळी आपण म्हणायचं, नाही हो, तुमच्याच अंगावर शोभते. मग ते पुन्हा आग्रह करणार, आपण पुन्हा नाही म्हणणार, आणि शाल जिथली तिथे राहणार. या देण्याघेण्यात वस्तू हलत नाही. फक्त दोन्ही माणसं थोडी मोठी होऊन घरी जातात.

मी अण्णांना हे समजावून सांगितलं. ते ऐकून घेत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. पण उतरता उतरता हट्टीही झाला.

"म्हणजे तो माणूस खोटं बोलला?"

"खोटं नाही हो अण्णा. रीत असते."

"कसली रीत? आमच्याकडं दिलं तर घ्यायचं असतंय. नको नको करायचं म्हणजे देणाऱ्याला हलकं करायचं. मान राखला मी त्यांचा."

"मग आता परत देऊन येऊ या."

"दिलेलं परत द्यायचं? म्हणजे त्यांच्या तोंडावर मारायचं? तसलं काम मी करणार नाही."

झालं. मी डोक्याला हात लावला. एकाला देऊ नये ते देऊन बसायची रीत, दुसऱ्याला घेऊ नये ते घेऊन बसायची. दोघंही आपापल्या गावी सज्जन.

अण्णांच्या नकळत मी संध्याकाळी समोर गेले. वकीलसाहेब जिन्यातच भेटले. मी चाचरत म्हणाले, अण्णांना इथले रिवाज ठाऊक नाहीत, चाचींची वापरातली वस्तू आहे, मी उद्या आणून ठेवते. वकीलसाहेबांनी छातीवर हात ठेवला. "बेटी, ज़बान दी है. जो नज़र कर दिया, सो कर दिया. आप यह बात दोबारा न कीजिएगा." त्यांच्या मागे दार अर्धवट उघडं होतं. आत पलंगावर चाची बसल्या होत्या, मांडीवर दोन्ही हात मोकळे. मी त्यांना नेहमी काहीतरी कातरताना, पुसताना पाहिलेलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या, पण त्यांच्या ओठांवर रंग नव्हता. मला रडायला आलं, खरंच सांगते. मी तशीच खाली आले.

दुसऱ्या दिवशी अण्णा नेहमीच्या वेळी गेले आणि जिन्याच्या दारातूनच परत आले. वकीलसाहेबांची "तबीयत नासाज़" होती, म्हणजे बरं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नासाज़ होती. मग ते वरच्या खिडकीतही दिसेनासे झाले. गल्लीतून जाताना मान खाली घालून जायचे. अण्णांनी एकदा खुर्चीवरून उठून हात केला, तर वकीलसाहेबांनी आदाब केला, तब्येत विचारली आणि असे लगबगीने गेले की पायातली चप्पल निसटते की काय.

चांगली माणसं रागावली की भांडत नाहीत, नुसती विरघळतात. त्यांच्याशी भांडावं कसं हेच कळत नाही. मला दोघांचाही संताप आला होता. सरळ भांडले असते तर तास-दोन तासांत मिटलं असतं. आमच्या कराडात दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांच्या आईबापांचा उद्धार केला असता आणि संध्याकाळी एकाच बाकावर बसून चहा प्याला असता. इथे सगळं मऊ, म्हणून काही तुटतही नव्हतं आणि जुळतही नव्हतं.

पानदान अण्णांच्या खोलीत टेबलावर पडून राहिलं. ते त्याला हात लावत नव्हते. पुन्हा धुकं दाटलं. दुपार आणि संध्याकाळ यांच्यातला फरकच गेला. मी ऑफिसातून यायची तेव्हा अण्णा दिवा न लावता बसलेले असायचे, आणि खोलीत तो काताचा वास.

एका संध्याकाळी ते म्हणाले, "तिकीट काढ."

"अण्णा..."

"ठरलंय आपलं. ब्र काढायचा नाही." मग थोड्या वेळाने, हळू आवाजात म्हणाले, "मला इथलं काही कळत नाही बाई. मी माणसाला दुखवलं आणि मला कळलंसुद्धा नाही. या वयात आता कुठं शिकत बसू?"

मी तिकीट काढलं. फोनवर ते "कन्फर्म" आलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मला ती फरशी दिसत होती, दूधवाल्याची सायकल दिसत होती. पण शब्द दिला होता. आणि शब्दाला जागायचं म्हणजे काय, त्यावरूनच तर हे सगळं रामायण झालं होतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मी घरीच होते, सर्दीने डोकं जड झालेलं. बाहेर धुकं इतकं की फाटकही दिसत नव्हतं. बेल वाजली. अण्णा झोपले होते, म्हणून मी दार उघडलं. समोर चाची उभ्या होत्या.

मी त्यांना त्यांच्या घराबाहेर कधी पाहिलंच नव्हतं. शाल डोक्यावरून घेतलेली, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी. धुक्यातून चालत आल्यामुळे पापण्यांवर पाण्याचे बारीक कण होते. जिना, गल्ली, आमच्या पायऱ्या. त्या गुडघ्यांनी हे सगळं कसं पार केलं असेल, देव जाणे.

"चाची! आप? मुझे बुला लेतीं."

"क्यों बुला लेते, बेटी?" त्या आत येत म्हणाल्या. "पानदान आपके यहाँ है, तो पान भी यहीं लगेगा."

आणि शांतपणे दिवाणावर बसल्या. एवढ्यात अण्णा आवाजाने बाहेर आले, विस्कटलेले केस, अंगावर रजईच पांघरलेली. चाचींना बघून त्यांनी ती घाईघाईने नीट केली. मी पानदान आणून समोर ठेवलं. चाचींनी झाकण उघडलं, वाळून तडे गेलेला चुना पाहिला, जुन्या फडक्यातली काळी पडलेली पानं पाहिली आणि अण्णांकडे अशा नजरेने बघितलं, जशी आमची आई दूध उतू गेल्यावर बघायची.

"भाईसाहब, आपने तो इसको मार ही डाला."

अण्णांचा धीर सुटला. "वहिनी," म्हणाले, आणि पुढे जे काही हिंदी येत होतं ते सगळं एकदम बाहेर आलं. "हम को मालूम नहीं था. हम गाँव का आदमी. आप ये वापस ले जाओ. हम से चुकी हो गया."

चाची पुरचुंडी सोडत होत्या. हिरवी पानं निघाली, एकेक पुसून मांडीवर ठेवू लागल्या. "चूक कैसी? सुनिए. ये हमारे वकीलसाहब, जब से ब्याह के आए हैं, तब से इनको देखते हैं, सबको सब कुछ दे देते हैं. घड़ी दे दी, दुशाला दे दिया, आँगन का आम का पेड़ कितनों को दे चुके. एक बार तो यह मकान दे दिया था, जिसमें हम बैठे थे. और शाम को सब कुछ अपनी जगह. आप पहले आदमी हैं, जिसने ले लिया."

मला हसू फुटलं. अण्णांना कळेना हसावं की काय करावं. चाचीही हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत.

"अब कुछ देना हो तो पहले हमारी तरफ़ देखते हैं," त्या म्हणाल्या. "इतने बरस में जो हमसे न हुआ, आपने एक दिन में कर दिया."

"फिर भी, आप का चीज़ आप को..."

"न. यहीं रहने दीजिए." त्यांनी चुन्यात पाण्याचे थेंब टाकले आणि चमच्याने घोटायला लागल्या. "डॉक्टर कब से कहता है, ज़ीना उतरिए, चलिए-फिरिए. हम कहते थे, किसके लिए उतरें? सब्जी वाला ऊपर आता है, दवा ऊपर आती है, दर्ज़ी ऊपर आता है. बेटा परदेस से पूछता है, अम्मी, किसी चीज़ की कमी तो नहीं? नहीं बेटा, कोई कमी नहीं." चमचा थांबला. "पान की तलब लगी, तो उतर आए."

खिडकीबाहेर नुसता पांढरा उजेड होता. दिवाणावर एक म्हातारी बाई पान लावतेय, समोर रजई गुंडाळलेला एक म्हातारा तिच्या हातांकडे बघतोय, आणि मी नाक पुसत उभी. आजही ती दुपार आठवली की ती घडली की मला तापात दिसली, असं वाटतं. चाचींची बोटं पानावर फिरायची ती पान जागं होऊ नये अशा बेताने.

त्यांनी अण्णांना काम सांगितलं. फडकं रोज सकाळी ओलं करायचं, पण पिळून. चुन्यावर पाणी राहिलं पाहिजे. पानं रोज उलटीपालटी करायची, डाग पडलेलं लगेच काढायचं, नाहीतर एकामुळे सगळी जातात. अण्णा एकदम म्हणाले, "हे आमच्याकडं पण आहे! भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं?" आणि हातवारे करून त्यांनी चाचींना भाकरी, घोडा आणि पान कोणी फिरवलं नाही ते समजावलं. चाचींना ते त्यांच्या लहानपणापासून येत होतं. दोघं आपापल्या भाषेत तेच तेच म्हणत राहिली.

मग दारात खाकरल्याचा आवाज आला. वकीलसाहेब. मफलर कानांवर घट्ट, नजर पायपुसण्यावर.

"हमारा पान..." एवढंच म्हणाले.

अण्णा सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. लपवाछपवी त्यांच्या अंगात नाहीच. "वकीलसाहब, आप हम पे नाराज़ है क्या?"

"नाराज़?" वकीलसाहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते. "नहीं भाईसाहब, शर्मिंदा हूँ. आप पानदान ले गए और मुझे बुरा लगा. मुझे! सारी उम्र समझता रहा कि मेरा दिल बड़ा है. आपने उठा लिया तो मालूम हुआ, कितना छोटा है. आपसे कैसे आँख मिलाता?"

हे मी नंतर कितीदा घोळवलं आहे मनात. आपण टाळतो ते आपल्याला दुखावणाऱ्याला, असं मला वाटायचं. तसं नसतं. ज्याच्यासमोर आपण स्वतःलाच लहान दिसलो, त्याच्या दारावरून जाणं खरं जड जातं. त्या बिचाऱ्याचा काही गुन्हाही नसतो. त्या दिवसानंतर मला कुणी टाळायला लागलं की मी आधी तोंड वाकडं करत नाही, जरा थांबते.

अण्णांना सगळं कळलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, "अहो, मलासुद्धा माझी खुर्ची कुणी नेली असती तर वाईटच वाटलं असतं. त्यात काय एवढं?" आणि वकीलसाहेबांचा हात धरून त्यांना बसवलं. चाचींनी दोघांना पान दिलं. मग मलाही दिलं, आणि त्यांचं स्वतःचं शेवटी. ओठ रंगले तेव्हा कुठे मला श्वास आल्यासारखं झालं.

त्यानंतर चाची रोज चार वाजता यायला लागल्या. ऊन असो, धुकं असो. पहिले काही दिवस वकीलसाहेब त्यांना हात धरून आणायचे, मग त्या एकट्या भिंतीच्या आधाराने यायला लागल्या. मी ऑफिसात असायचे, हे सगळं मला संध्याकाळी कळायचं. पण घरात शिरताच दिसायचं. दारापासून दिवाणापर्यंत मध्ये पाय अडकेल असं काही नसायचं, सतरंजी गुंडाळून ठेवलेली. दिवाणावर लोड. अण्णा दाढी केलेले. एक दिवस स्वयंपाकाच्या बाईंनी माझ्याकडे तक्रार केली की बाबूजी मला ओट्याला हात लावू देत नाहीत, म्हणतात, आधी माझा कात गाळून होऊ दे. शनिवारी अण्णा मला अमीनाबादला घेऊन गेले. मी त्यांना नव्हे, त्यांनी मला. रिक्षातून उतरून त्या गर्दीत चार दुकानांतला कात हुंगून पाहिला, दुकानदारांना त्यांच्या त्या हिंदीत झापलं, आणि जो घ्यायचा तोच घेतला.

तिकिटाचं कुणीच बोलत नव्हतं. मी तर नाहीच, शब्द दिला होता. अण्णाही गप्प. ते रद्द कर म्हणाले नाहीत, म्हणजे जाणार, असं मी धरून चालले. ते एकदा ठरवलं की बदलणाऱ्यांतले नाहीत. जायच्या आदल्या रात्री मी त्यांचे स्वेटर घड्या घालून बॅगेत भरले. सकाळी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली. रजा टाकली होती. जेवणं झाली, गाडीची वेळ जवळ आली, आणि अण्णा आपले दिवाणावर बसून पानं उलटत होते. एकेक उचलायचे, उजेडाकडे धरून बघायचे, पुसून परत ठेवायचे.

मी बॅग आणून त्यांच्यापाशी ठेवली. आवाज साधा ठेवला. "अण्णा, निघायला पाहिजे. संध्याकाळची गाडी आहे, रस्त्यात गर्दी असेल."

त्यांनी बॅगेकडे पाहिलं. मग माझ्याकडे, जरा वैतागूनच.

"आता कसा निघू? चारला वहिनी येणार. तू रोज ऑफिसात. दार कोण उघडणार त्यांना?"

मी उभ्या उभ्या भिंतीला टेकले. मी त्यांच्यासाठी हीटर आणला, दांडे बसवले, डॉक्टर शोधला, पाण्याचा पेला उचलू दिला नाही. या घरात त्यांना कशाची म्हणून कमी पडू दिली नव्हती, आणि त्यांना करायला म्हणून काहीही ठेवलं नव्हतं. चाचींचा तो परदेशातला मुलगा आणि मी, दोघं एकच गोष्ट करत होतो, जिवापाड प्रेमाने. आणि ते प्रेम घेऊन दोन म्हातारी माणसं समोरासमोरच्या घरांत बसून सडत होती.

फोन काढून तिकीट रद्द केलं, बॅग उचलून आत नेली आणि स्वेटर पुन्हा कपाटात लावले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायच्या फंदात पडले नाही.

बेल वाजली. मी सवयीने दाराकडे धावले. अण्णा दिवाणावरून हातांचा रेटा देऊन उठत होते. मला वाटेतच अडवून म्हणाले, "तू बस. मी आहे ना."